चिंचेखालचं जैसे थे

बसा. खाट मजबूत आहे. भिंतींची तेवढी विचारपूस करू नका, कारण त्यांचाच किस्सा सांगणार आहे. बायकोनं, सोमीनं, चहा टाकलाय. लाकडं ओली आहेत, धूर फार होतो, उकळी यायला वेळ लागेल. तेवढ्यात सांगून होईल. आधीच एक सांगून ठेवतो. असा गाढवपणा करायला शिक्षण लागत नाही. नुसता आज्ञाधारकपणा पुरतो, आणि तो माझ्याकडे गोणीभर आहे.

मी देवजी. आमचं मूळ गाव वर डोंगरात, जव्हारकडं. भाताचं खाचर होतं, पण पावसापुरतं. दिवाळी सरली की मुकादम यायचा आणि म्हणायचा, "चला." आमचं घर टोपलीत बसायचं आणि वीटभट्टीवर जायचं. भट्टी थंड झाली की पुन्हा, "चला." म्हणून मला एकच विद्या लहानपणापासून येते, सामान बांधायची. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकलो ती इथे बोईसरच्या कारखान्यात, गोण्यांवरची, तीही केस पिकायला लागल्यावर. त्यामुळे लिहितो हळू, वाचतो त्याहून हळू, आणि समजायचं म्हणाल तर ते पुढे येईलच.

कारखान्यात गोण्या चढवायचं काम लागलं तेव्हा कुंभवलीत या शेटच्या चाळीत खोली घेतली. भाड्याची. एका ओळीत खोल्या, समोर ही चिंच, कोपऱ्यात एक नळ. बाकी काही नाही. पण सोमीनं पहिल्याच महिन्यात मागच्या पडवीत चूल घातली. मातीची, पक्की, शेजारी भात शेकायला वैलसुद्धा. तोवर जन्मभर तिनं तीन दगडांवर शिजवलं होतं. तीन दगडांचं बरं असतं, ते कुठेही मिळतात आणि कुठेही टाकून जाता येतं.

मी म्हटलं, "अगं, ही चूल उद्या उचलायची कशी?"

ती म्हणाली, "नायच उचलता येत."

"मग?"

"मग काय. ऱ्हायचं."

आणि राहिलो की हो. माझं काम सुटलं, दात पडले, चूल तिथेच.

मग शेटनं जागा बिल्डरला विकायला काढली. शेट स्वतः आला नाही, त्यानं बबनला पाठवलं. बबन म्हणजे शेटचं भाडं गोळा करणारा माणूस, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. तो ओळीनं दारं वाजवत गेला. "महिन्याच्या आत खोल्या खाली करा."

माझ्या शेजारच्या खोलीत हेमा राहते. मूळची तारापूरकडच्या किनाऱ्याची, नवरा बोटीवर जातो, ही बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिनं दारातूनच सुनावलं. "खाली करते की. आधी तुझ्या शेटच्या डोक्यातली हवा खाली कर, मंग ये."

"ताई, तोंड सांभाळून."

"सांभाळते. मासे इकून तोंड ह्येवढं झालंय, आनखी कवढं सांभाळू?"

हेमा आणि बाकीचे भाडेकरू सरपंचबाईंकडे गेले. मला पण हाक मारली, "देवजीकाका, चला." आता "चला" म्हटल्यावर मी कधी मागे राहिलेला नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरंच "चला" बसलं होतं, बबनचं. मालकानं जा म्हटलं की जायचं, एवढं मला कळत होतं. उमरोळीला माझा भाचा आहे, त्यानं गोठ्याला लागून असलेली पडवी देतो म्हटलं होतं. मी सामान बांधायला घेतलं.

आणि बांधलं कसं म्हणता. बघत राहावं असं. भांड्यात भांडं, त्यात डाळीची पुरचुंडी, त्याच्यावर गोधडी. भंगारवाल्या रफिकभाईची हातगाडी मागून आणली, त्यावर सगळं रचलं. खाट चिंचेखाली काढली. मग खोली झाडली, जमीन सारवली, खिळेसुद्धा काढले. दुसऱ्याची खोली, मिळाली तशी परत द्यायची, नाही का?

मिळाली तेव्हा तिथे चूल नव्हती.

सोमी नळावर गेली होती. मी पहार घेतली. ती परत आली तेव्हा माती पाटीत भरत होतो. तिनं हंडा खाली ठेवला नाही. डोक्यावर तसाच धरून उभी राहिली.

मी म्हटलं, "उचलता येत नव्हती ना, म्हणून."

पाणी तिच्या मानेवरून खाली येत होतं, हंडा हलत होता बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीची रिक्षा आली, वर भोंगा बांधलेला. हल्लीची दवंडी. मजकूर काय होता तो मला नंतर हेमानं नीट सांगितला. ग्रामसभेनं ठराव केला होता की चाळीतल्या भाडेकरूंची पाहणी होईल, त्या दिवशी जो ज्या खोलीत राहत असेल त्याचं नाव तिथे लागेल, आणि नाव लागलेल्या प्रत्येकाला राहायला दुसरी खोली मिळाल्याशिवाय शेटला बांधकामाचा ना हरकत दाखला द्यायचा नाही. भाडेकरूंना बाहेर काढू नये म्हणून केलेला ठराव. आमच्याचसाठी.

पण भोंगा नळापाशी बोलायला लागला आणि माझ्यापर्यंत आला तेव्हा शेपूटच उरलं होतं. "...तोपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. कुणीही काहीही हलवू नये."

मी हात करून रिक्षा थांबवली. "भाऊ, जैसे थे म्हंजे काय रे?"

तो म्हणाला, "म्हंजे हाय तसं ठेवायचं. हलवायचं नाय."

"भांडं पण नाय?"

"काका, चमचा पण नाय."

आणि गेला. त्याला अजून तीन गल्ल्या ओरडायचं होतं.

मी हातगाडीकडे बघितलं. भांडी गाडीवर. खाट चिंचेखाली. माणसं खाटेवर. आहे तसं ठेवायचं.

सोमीनं विचारलं, "अवो, मंग आता आत जाऊ का?"

"नाय. हलायचं नाय."

"सामानाचं म्हंतात ते. आपन मानसं हाव."

"आपन पन त्यातच आलो," मी म्हटलं. सरकारी हुकमात माणूस आणि सामान वेगळं धरत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. भट्टीवर एकाच ट्रकात जायचो.

तर असे आम्ही बाहेर राहिलो. थंडीचे दिवस. पहाटे गोधडी दवानं ओली व्हायची, आणि कारखान्यांचा तो आंबूस वास खाली बसायचा. सोमीचा खोकला वाढला. समोर दहा पावलांवर आमचं दार उघडंच. आत सारवलेली कोरडी जमीन. मी दारापाशी जाऊन बघायचो आणि परत यायचो. आतमध्ये पाऊल टाकलं नाही. हुकूम म्हणजे हुकूम.

हेमा पहाटे मासळीला जायची, दुपारी यायची. तिला वाटलं, आम्ही भाच्याकडे जायला निघालोय आणि टेम्पोची वाट बघतोय. ती विचारायची, "काका, कधी सुटता?"

मी म्हणायचो, "हुकूम सुटला की."

"कोनाचा, काकूचा?"

"वरचा."

"वरचा म्हंजे देवाचा? अवो काका, असं सकाळी सकाळी नका बोलू." आणि पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागायची. आम्ही दोघं आपापल्या जागी बरोबर बोलत होतो. वेगवेगळ्या गोष्टींबद्दल, एवढंच.

मग बबन आला. आम्हाला चिंचेखाली बघून आधी थांबला. गाडी बघितली, खाट बघितली, उघडी खोली बघितली.

"काका, इथं का?"

"जैसे थे," मी म्हटलं.

मग त्याचा चेहरा असा काही उजळला की मलाच बरं वाटलं. "वा काका. कायदा पाळावा तर तुमच्यासारखा. बाकीच्यांना शिकवा जरा."

त्यानं नाक्यावरून दोन चहा आणवले. इतक्या वर्षांत शेटच्या माणसानं मला चहा पाजला तो हा पहिला. वर दव पडतं म्हणून एक प्लास्टिकचा कागदही दिला. आणि म्हणाला, "खोली उघडी आहे, कुत्री शिरतील. कुलूप लावतो."

मी म्हटलं, "लावा. तुमचे उपकार."

हो, असंच म्हटलं. माझ्याच खोलीला त्यानं कुलूप लावलं आणि मी हात जोडले. सोमी कपाचा कान धरून बसली होती, तिचा चहा तसाच होता. म्हणाली, "एवढा गोड कसा केला यानं?"

पाहणीच्या दिवशी सरपंचबाई आल्या, सोबत ग्रामसेवक भाऊसाहेब. भाऊसाहेब प्रत्येक दारात जायचे, माणसं आत उभी करायचे, मोबाइलवर फोटो काढायचे, चूल किंवा गॅस बघायचे, पुढे जायचे. सगळी चाळ धुतलेल्या कपड्यांत दारात उभी. हेमानं तर केसात गजरा माळला होता. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, लग्न नाय, पाहणी हाय."

ती म्हणाली, "फोटो काय दोनदा काढनार का?"

मी खाटेवर ताठ बसून होतो. मनात म्हणत होतो, बघा आता, सगळे आत-बाहेर करत राहिले, एक मीच जागचा हललो नाही.

आमच्या दाराशी भाऊसाहेब थांबले. कुलूप. "ही कोणाची?"

बबन म्हणाला, "रिकामी. माणूस सोडून गेला."

हेमा तिथूनच ओरडली, "मेल्या, गेला कुठं? तो बघ बसलाय."

सगळे माझ्याकडे वळले. भाऊसाहेब जवळ आले. "काका, तुमी कुठं ऱ्हाता?"

मी म्हटलं, "हितंच. चिंचेखाली. काय हलवलं नाय, साहेब. चमचा पन नाय."

भाऊसाहेबांनी सरपंचबाईंकडे बघितलं. बाई आल्या आणि खाटेवर माझ्या शेजारी बसल्या. हळू विचारलं, "काका, सामान बाहेर का? खोलीत का नाय गेला?"

"बाई, तुमचाच हुकूम. जैसे थे."

त्या म्हणाल्या, "तो हुकूम शेटसाठी होता, काका. त्यानं तुमाला काढू नये म्हणून."

त्यांनी बबनला कुलूप काढायला लावलं. दार उघडलं. आत खोली अशी स्वच्छ, अशी रिकामी, की भाऊसाहेबांनी चपला बाहेर काढल्या. मागच्या पडवीत चुलीची जागा इतकी नीट सारवलेली होती की तिथे काही होतं असं मलाही ओळखू आलं नसतं. मी म्हटलं ना, काम मी चांगलं करतो.

"चूल कुठं होती?" बाईंनी विचारलं.

सोमीनं बोट दाखवलं. जमिनीकडे. कुणालाच काही दिसेना.

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, ठरावात पाहणीच्या दिवशी जो आत राहतो तो, असं हाय. आत काय पन नाय, आनि म्हातारा स्वतः चिंचेखाली म्हणतोय. मी काय लावू?"

हेमा भांडली. बाकीचे पण बोलले, हे काका वर्षानुवर्षं इथेच आहेत म्हणून. बाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, पुढच्या ग्रामसभेत विषय घेते, तोवर मला एकटीला बदलता येत नाय. खोटं आश्वासन दिलं नाही, तेवढं बरं वाटलं. जाताना बबनला बोलल्या, "निदान या झाडाखालून यांना कोनी उठवायचं नाय. इथं जैसे थे."

बाईंची पाठ वळली तसं बबननं खोलीला पुन्हा कुलूप घातलं. म्हणजे चाळीतल्या सगळ्यांना खोल्या मिळणार, आणि मला चिंच. पंचायतीच्या कृपेनं आता इथून मला कुणी हलवू शकत नाही.

दोन दिवसांनी रफिकभाई आला. त्याचा धंदा त्या हातगाडीवर. "चाचा, गाड़ी?"

मी म्हटलं, "भाई, नाही देता आता. जैसे थे."

"क्या?"

"हुकूम है. जैसे थे."

तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. गाडीकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, सोमीकडे बघितलं. मग विचारलं, "जैसे थे. तो आप कहाँ थे, चाचा?"

"खोलीत."

"कमरे में थे. तो जैसे थे मतलब कमरे में. इधर क्या कर रहे हो?"

आता काय सांगू तुम्हाला. बोईसरच्या कारखान्यात सुपरवायझर रोज विचारायचा, देवजी, कल कहाँ थे. मी रोज उत्तर द्यायचो. थे म्हणजे होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो शब्द भोंग्यातून आला, म्हणून सरकारी वाटला, आणि सरकारी शब्द समजून घ्यायचा नसतो, पाळायचा असतो, असं धरून बसलो.

सोमी तीन दगड मांडून फुंकर मारत होती. वर न बघता म्हणाली, "मी इचारलेलं. आत जाऊ का म्हनून."

एवढंच. पुढे खोकला आला.

मी रफिकभाईला विचारलं, "तेरी गाडी कहाँ थी?"

"दुकान पे थी. और कहाँ?"

"तो ले जा," मी म्हटलं. भांडी एकेक करून खाली मातीत काढली, गोधडी खाटेवर टाकली, गाडी मोकळी केली. अख्ख्या चाळीत जैसे थे बरोबर पाळलं गेलं ते एका हातगाडीच्या बाबतीत, आणि चाक खड्ड्यात अडकलं तेव्हा मागून जोर लावून ती रस्त्यावर काढून देणारा मीच होतो.