कॅमेऱ्याचा वाटा

माझ्या बहिणीच्या लग्नात ती बाई वरपक्षाकडून आली होती, एवढंच मला ठाऊक आहे. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या हॉलमध्ये लॅपटॉप लावून मी नागपूरला दवाखान्यात असलेल्या बाबांना लग्न दाखवत होतो. कॅमेरा मात्र सारखा बंद पडत होता आणि मंगलाष्टकं सुरू व्हायला आली होती.

पदर कमरेला खोचून ती टेबलाशी आली. लॅपटॉपच्या यूएसबी हबला कॅमेऱ्यासोबत पाहुण्यांचे फोनही चार्जिंगला लागले होते.

"काहून इतके लावले, भाऊ? लॅपटॉप देईल तेवढीच वीज ह्या हबातली चिप सगळ्यांत वाटते. भार वाढला का वीज तोडून टाकते. कॅमेऱ्याचा वाटा हे फोन खाऊन राहिले."

तिने आधी स्वतःचा फोन काढला, मग बाकीच्यांचे. कॅमेरा सुरू झाला आणि टिकला.

ती तिथेच पहाऱ्याला उभी राहिली. एक मामाजी चार्जर घेऊन आले, तर त्यांनाही अडवलं, "थोड़ा रुकिए, अभी दुल्हन के पिताजी देख रहे हैं."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही पुढे जाऊन लग्न पाहा ना."

"मी लय लग्नं पाहिली. त्यांची पोट्टी एकच आहे."

शेवटचं 'सावधान' झालं. पडद्यावर बाबांनी पलंगावरून रिकामा हात उचलला. तिने आपल्या मुठीतल्या अक्षता त्यांना दाखवल्या आणि जोडप्याच्या दिशेने उधळल्या.

"ह्या तुमच्याकडून, काका."