निळ्या रंगाखालचं इंजिन

काकूंना झाकलेलं काही बघवत नसे. डबा दिसला की झाकण उघडायचं, भिंतीला पोपडा दिसला की नखाने उचकटायचा. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभा जन्म गेला, त्यामुळे ब्रश आणि चिकाटी दोन्ही हाताशी. निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, छोट्या मॉडेल आगगाड्यांचे जुने रंग उतरवायचं काम त्यांनी आपणहून ओढून घेतलं. काकांचे मित्रही आपापले डबे आणून देत. प्लॅस्टिकचं कवच स्पिरिटमध्ये बुडवायचं, रंग सुटला की मऊ ब्रशने घासायचं. पण आधी आतल्या बाजूला एक थेंब लावून बघायचा. प्लॅस्टिक चिकट झालं की खेळ खलास. खालून कोणता रंग निघतो हे बघण्यात काकू जेवणही विसरत.

फक्त एका निळ्या इंजिनाला हात लावायची त्यांना बंदी होती. काकांनी त्यावर रंगाचे इतके थर चढवले होते की खिडक्यांच्या कडासुद्धा बुजल्या होत्या. मित्र म्हणत, "हा रंग देत नाही, गिलावा करतो!" एरवी केसाइतकी बारीक रेघ ओढणारा माणूस यावर नुसता हसायचा. त्या निळ्याखाली दडलंय तरी काय, या विचाराने काकूंना वर्षानुवर्षं चैन नव्हती.

शेवटी ते इंजिन लेकीनेच मागितलं. "बाबा, तुमचा तो निळा काढा आणि मूळचं लाल करून द्या," ती फोनवर म्हणाली. लेकीला नाही म्हणणं काकांना कधी जमलंच नव्हतं.

"जपून हं," काका काकूंच्या मागे घुटमळत होते. "जुनं प्लॅस्टिक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुम्ही आधी सरका बघू, उजेड अडतोय."

निळा गेला, हिरवा गेला, करडाही गेला. खाली लाल प्लॅस्टिक निघालं आणि टपावर एक खळगा. काकूंनी चष्मा पुसला. खळग्यात रेषा होत्या. इवल्याशा अंगठ्याचा ठसा! प्लॅस्टिक जोडायचं सोल्युशन सांडून टप मऊ झालेला असताना कुणीतरी दाबलेला. एवढासा अंगठा या घरात एकीचाच होता.

"अहो, कधी बोलला नाहीत ते!"

"चार वर्षांची होती. ओरडलो असतो तर पुन्हा कशालाच हात लावला नसता तिनं." काकांनी पुट्टीची ट्यूब पुढे केली. "भर तो खळगा. तिला कळायला नको."

ट्यूब काकूंनी घेतली, पण हात काही पुढे होईना. "लाल मागितलंय ना तिनं?" त्या म्हणाल्या. "मग हेच ते लाल."

लेक आली. इंजिन हातात घेताच तिचं बोट सरळ टपावर गेलं, स्वभाव आईचाच. "बाबा, हे काय झालंय?"

"कारखान्यातूनच तसं आलं होतं," काका म्हणाले. काकूंच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं, पण आज त्या मूग गिळून बसल्या.

"कारखान्यात काय बालवाडी होती?" लेक हसली. तिने खळग्यावर आपला अंगठा टेकवून बघितला. तो मावला नाही. मग तिने बाबांकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.