कोचवर ठेवलेली नजर

आमच्या कॉलेजातले कोच कुणावरही विश्वास ठेवत नसत. ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर तर मुळीच नाही. मैदानात कुणी आपटला आणि हसत उठला, की ते त्याला बाजूला घेत, डोळ्यांपुढे बोट फिरवत, आजचा वार विचारत आणि त्याने तो बरोबर सांगितला तरी बसवून ठेवत. “हसतोय म्हणजे काहीतरी लपवतोय,” असं त्यांचं म्हणणं.

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला, पाया लेबारजवळच्या एका लहानशा खाजगी कॉलेजात गणित शिकवत होतो. कोच अमेरिकेतून आलेले. तिकडच्या एका छोट्या कॉलेजात त्यांनी वीस वर्षं अमेरिकन फुटबॉल शिकवला होता. लांबोळका चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि अंगावर धडका, असा तो खेळ. कॉलेजचं नाव व्हावं म्हणून प्राचार्यांनी त्यांना आणलं आणि मला संघाचा मॅनेजर केलं. पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये बोलावून प्राचार्यांनी दार लावून घेतलं. “इतका अनुभवी माणूस इथे कशाला आला? जरा नजर ठेवा.”

मी ठेवली. कोच खेळाच्या चाली कागदावर काढत आणि सराव संपला की कागद फाडून तुकडे खिशात घालत. कुंपणाबाहेर कुणी दोन मिनिटं रेंगाळलं तरी सराव थांबवत. मनात काही नसेल तर माणूस इतकं कशाला जपेल, असं मला वाटे. मी सगळं वहीत टिपू लागलो. बायको एकदा म्हणाली, “अहो, त्या माणसाने तुमचं काय वाकडं केलंय?” काहीच केलं नव्हतं. पण माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात नोकरी करायचा परवाना, कॉलेजच्या हातात होता.

एका रविवारी संघाला घेऊन आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. परतीच्या बोटीची वाट पाहताना कोच आपणहून बोलले, “माझा एक खेळाडू होता. डोक्याला मार बसला. ठीक आहे म्हणाला. मी ऐकलं.” तेवढ्यात बोट लागली. आणि मी? ही गोष्ट खरी असेल का, याचा विचार करत बोटीत बसलो.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात कोच मला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, दिसले. समोर प्रतिस्पर्धी संघाचे कोच. दोघं अगदी हळू आवाजात बोलत होते. मी तसाच जाऊन प्राचार्यांना सांगितलं.

शनिवारी सामन्यात आमचा सगळ्यांत चांगला खेळाडू, वेई मिंग, धडक बसून पडला आणि लगेच उठला. “ओके लाह, कोच!” कोचनी त्याचं हेल्मेट काढून घेतलं आणि बगलेत घट्ट धरलं. मुलगा रडकुंडीला आला, प्रेक्षक ओरडू लागले, पण त्यांनी ते दिलं नाही. आम्ही हरलो. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. सोमवारी कोचची नोकरी गेली.

मंगळवारी वेई मिंगची आई कॉलेजात आली. आम्हाला कुणालाच न सांगता कोचनीच त्याला मैदानावरून थेट हॉस्पिटलात नेलं होतं. मेंदूत रक्तस्राव निघाला. आता धोका टळला होता. आणखी एक धडक बसती तर मात्र हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. “दुसऱ्या संघाचे कोचही भेटायला आले,” ती म्हणाली. “डोक्याला लागलं की खेळाडू कुणाचाही असो, बाहेर काढायचा, असं दोघांनी आधीच ठरवलं होतं.”

मी सेम्बावांगला कोचच्या फ्लॅटवर गेलो. ते बॅग भरत होते.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हणालो.

“माहीत आहे. वही घेऊन फिरणारा तू एकटाच होतास.”

“मग मला संघातून काढलं का नाहीत?”

“तू लिहायचास ते खरंच होतं. मला विचारायचं तेवढं राहिलं तुझं.” एवढं बोलून त्यांनी मला बॅगेवर बसायला लावलं आणि चेन ओढली.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलं: चूक माझी, कोच निर्दोष. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “पण तुम्ही आता त्यांची बाजू का घेताय?” त्यांनी विचारलं, आणि मी दारापर्यंत पोहोचलो तरी त्यांची नजर माझ्या पाठीवरून हलली नव्हती.