ढवळीच्या दुधातलं औषध

माझे सासरे, आबा, जनावरांचं औषधसुद्धा आधी स्वतः चाखायचे. शेळीला जंताचं औषध पाजायचं असलं की बाटलीचं टोपण जिभेला लावणार, तोंड वाकडं करणार आणि मगच शेळीचा जबडा उघडणार. "आपुन चाखलं न्हाई ते मुक्या जिवाला कावून पाजायचं?" असं वर आम्हालाच विचारायचे. त्यांच्या या खोडीवर अख्खं चकलांबा गाव हसायचं, मीही हसायचे.

माझ्या चार वर्षांच्या राणीला फिट येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी पातळ औषध दिलं आणि एकही वेळ चुकवायची नाही असं बजावलं. आबांनी ते चाखलं. "लई कडू हाय गं," म्हणाले. मी राणीला मांडीत दाबून औषध घालायचे, ती रडून रडून ओकायची. आबा उठून शेळ्यांकडे निघून जायचे.

एक दिवस म्हणाले, "उद्यापासून म्या पाजतो. तू सैपाक बघ." आणि खरंच, रडणं थांबलं. ढवळी शेळीचं धारोष्ण दूध, त्यात गूळ आणि गुपचूप औषध, हे मला मागाहून कळलं. राणी पेला घेऊन अंगणात पळायची. मला इतकं हायसं वाटलं, की हे कसं जमलं ते मी विचारलंही नाही.

मग एका सकाळी तिला चुलीपुढेच मोठी फिट आली. बीडच्या दवाखान्यात ती सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, औषध पूर्ण पोटात जातं का? आबांनी दुधाचं सांगितलं. तेवढ्यात राणीच म्हणाली, "तळाचं दूध कडू लागतं. ते मी करडाला पाजते."

डॉक्टर रागावले नाहीत. औषध चमचाभर गोडात द्यायचं, पेलाभर दुधात नाही, एवढंच म्हणाले. रागावले ती मी. "आता तुमच्या हातानं तिला काही देऊ नका," असं सगळ्यांदेखत बोलले.

आबा खाली बघत म्हणाले, "म्या लेकराला फसवलं. चाखायचंच व्हतं तर तळाचं चाखायला पायजे व्हतं."

राणी दोन दिवस रुसली आणि विसरली. चमचाभर पाकात औषध आणि वर खडीसाखर, हे तिला पटलं. फिटही थांबल्या. आबा मात्र विसरले नाहीत. पेरू कापला तरी फोड माझ्या हातात ठेवायचे, "तू दे." माझा राग केव्हाच गेला होता, पण तसं सांगायला जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी राणी औषध पिऊन कडू तोंडानं त्यांच्याकडे धावली आणि आ करून उभी राहिली. खडीसाखरेची वाटी त्यांच्या उशाशीच होती. त्यांनी खडा उचलला, हात अर्ध्यावर थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. ज्यांच्यापुढे मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, ते मला विचारत होते, "सूनबाई, देऊ का?"

मी नुसती मान डोलावली. राग गेल्याचं तेव्हाही बोलले नाही.