झाडाचं लोणी

नलूवहिनी गेली, हे भाच्याने फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “आत्या, आई झोपेतच गेली गं… चेहरा अगदी हसरा होता.” त्याला आता महिना होऊन गेला. रडून झालं. हल्ली मात्र तिची आठवण आली की मला हसूच येतं, आणि तिलाही ते चाललं असतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या साली ती लग्न होऊन घोडेगावजवळच्या आमच्या घरी आली. मी तिची नणंद, वयाने तिच्याच बरोबरीची. तिचे वडील नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक झालेले, त्यामुळे भाकरी तिच्या हाताला ठाऊकच नव्हती. ती थापायला बसली की भाकरी परातीतच फाटायची आणि आईचा पारा चढायचा. त्यात अण्णांचं दुखणं निघालं. माझे वडील घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघून वय सांगण्यात नावाजलेले, आणि नेमके त्यांचेच दात नगरच्या डॉक्टरांनी सगळे काढले! कवळीला अवकाश होता. अण्णांनी बाजाराला जाणंच बंद केलं, कारण लोक हसतील. पेज, खिमट समोर आलं की ताट सरकवायचे. “म्या काय आजारी हाय?” भाकरी चावता येईना आणि दुसरं काही घशाखाली उतरेना. मोठ्या हाडाचा माणूस, पण सदरा अंगावर लोंबायला लागला…

अशात वहिनीचा भाऊ माधव तिला भेटायला आला. येताना पेंढ्यात गुंडाळलेली हिरवी, दगडासारखी कडक फळं घेऊन. बंगळूरकडे त्यांना बटरफ्रूट म्हणतात. आता शहरात ॲव्होकॅडो म्हणून मिळतात तीच. वहिनीने ती ज्वारीच्या कणगीत पिकत घातली. इकडे आईने माधवला सांगून टाकलं, “हिला चार-सहा म्हैने घिऊन जा. सैपाक शिकला की मंग बघू.” माझा भाऊ खाली मान घालून बाहेर निघून गेला. वहिनी त्या दुपारी न्हाणीघरात जाऊन रडली, ते मी ऐकलं. तिची ट्रंक भरून झाली होती.

निघायच्या दिवशी सकाळी तिने कणगीत हात घालून एक फळ दाबून पाहिलं. मऊ झालं होतं. आई चुलीपुढे भाकरी करत होती, तेवढ्यात वहिनीने फळं चिरली, मधल्या बिया काढल्या, चमच्याने गर खरवडून गडूत घेतला आणि ताकाच्या रवीने घुसळला. पाट्यावर लसूण, हिरवी मिरची आणि मीठ वाटून त्यात घातलं. काळं पडू नये म्हणून लगेच लिंबू पिळलं, दोन चमचे घट्ट दही, वर कोथिंबीर. आईची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत गडूत हिरवट, लोण्यासारखं मऊ काहीतरी तयार होतं. तिने गरम भाकरीचा आतला मऊ भाग कुस्करला, त्यावर ते ओतलं आणि ताट माझ्या हाती दिलं.

अण्णांनी संशयाने एक घास घेतला. मग दुसरा. ताट पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ह्ये काय हाय?” आईने दाराआड उभ्या वहिनीकडे बोट दाखवलं. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे, पण अण्णांनीच हाक मारली, “सूनबाई, तूच सांग. कशाचं लोनी हाय ह्ये?”

दाराआडून आवाज आला, “झाडाचं, मामंजी.”

“झाडाला लोनी लागतं व्हय?” असं म्हणून अण्णा बोळक्या तोंडाने जे हसायला लागले, ते थांबेचनात. दात काढल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आम्ही हसताना पाहत होतो. आईने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते.

दारात टांगा आला. माधवने ट्रंक उचलली, तशी आई चुलीपासून उठून आली आणि त्याच्या हातातून ती ओढूनच घेतली. “हिला कुठं नेता? हितं म्हाताऱ्याला कोन जेवू घालनार? भाकरी मी करीन, लागलं तर जल्मभर.” आणि खरंच, पुढे हात धरून तिनेच वहिनीला भाकरी शिकवली. अण्णा पुढच्या बाजाराला गेले, ते बिनदातांचेच! कवळी आल्यावरही, बंगळूरहून फळांची करंडी आली की कवळी काढून खिशात ठेवायचे. म्हणत, “लोन्याला दात कशाला?”

वहिनीची एक सवय होती. स्वतःच्या चवीवर तिचा भरवसा नसे. काहीही केलं की समोर येईल त्याच्या तळहातावर थोडं ठेवायची, “मीठ बघ.” घरातली माणसं, पोस्टमन, गॅसवाला, कुणीही. गेल्या आठवड्यात मी एकटीनेच ते झाडाचं लोणी केलं. चमचा भरला, आणि हात आपोआप पुढे झाला. समोर कुणीच नव्हतं. मग चमचा घेऊन शेजारच्या दाराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंची माझी धड ओळखही नव्हती. म्हटलं, “जरा हात पुढे करा हो. मीठ बघायचंय.”