सुतळी, अंगठा आणि साडेतीनशेची जपानी गाडी

जुनी मोटारसायकल बघायला जाताना बरोबर कोणाला न्यावं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो, घाबरट माणसाला न्या. मी स्वतः तसाच आहे. कुलूप लावून दोन जिने उतरलो की परत वर जाऊन ओढून बघतो. शाळा सातवीपर्यंतच झाली, पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर म्हणून जन्म गेला. तिथे या स्वभावाचा फायदा झाला, घरी मात्र चेष्टाच झाली. आता वय झालं, मोबाइलवर एका बोटाने लिहितोय, तेव्हा चुका पोटात घाला.

गोष्ट एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरातली. माझ्या धाकट्या बहिणीचे, मंगलचे यजमान दिनकरराव तेव्हा ठाण्याला एका कचेरीत कारकून होते. दोन्ही घरं कोपरलाच, मध्ये दोन इमारती. त्यांना साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची जपानी बनावटीची गाडी हवी होती. नवी मिळायची बंद झालेली, म्हणजे जुनीच बघायची. त्यांच्या एका साहेबाकडे ती होती. साहेब निघायच्या सुमाराला दिनकरराव पाणी प्यायच्या निमित्ताने दुसऱ्या मजल्यावरून खाली यायचे, नुसती सुरू होताना ऐकायला. अशी सात-आठ वर्षं गेली. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू.

शुक्रवारी संध्याकाळी मंगल विरजण मागायला आमच्याकडे आली आणि दारातच थांबली.

"दादा, उद्या हे तुला घेऊन गाड्या बघायला जाणारेत. एकही पसंत पडू देऊ नकोस."

"मी कसं काय अडवणार?"

"अरे, तुला पाटलांच्या मुलीत खोट दिसली, नव्या फ्रिजमध्ये दिसली, सत्यनारायणाच्या प्रसादात दिसली. एवढी देवाने नजर दिलीय, ती वापर ना एकदा माझ्यासाठी." मग हसणं थांबवून म्हणाली, "ती गाडी पळते तशी थांबत नाही म्हणतात सगळे. मला झोप लागत नाही रे."

मी हो म्हटलं. तिला नाही म्हणायची मला सवय नाही.

शनिवारी हाफ डे होता. रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला गेलो आणि एसटीने कल्याण गाठलं. खिशात मी दोनच वस्तू घेतल्या होत्या: शिसपेन्सिल आणि आठ हात सुतळी. पेन्सिल चेसिस नंबरासाठी. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात, ते आरसी बुकाशी ताडायचे. सुतळीचं पुढे सांगतो.

बैलबाजाराजवळच्या गॅरेजात गाडी लाल रंगाने चकाकत होती. गॅरेजवाल्याने एका किकेत सुरू करून दाखवली. दिनकररावांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मी गाडी बंद करायला सांगितली आणि इंजिनाच्या खालच्या बाजूला हात लावला. चटका बसला. दोन मिनिटांत एवढं तापत नाही.

"आम्ही यायच्या आधी किती वेळ चालवून ठेवली होतीत?"

"काका, तुम्ही गाडी घ्यायला आलाय की ताप बघायला?"

"थंड झाली की सुरू करून दाखवा. आम्ही बसतो."

आम्ही समोर बसून दोन प्लेट भजी आणि तीन चहा संपवले. तासाभराने तीच गाडी अकरा किका मारूनही उठेना. गॅरेजवाला घामाघूम झाला, दिनकरराव हसायला लागले. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: न कळवता जावं आणि आधी इंजिनाला हात लावावा.

रविवारी सकाळी डोंबिवलीत रामनगरला. तिथे सुतळी कामाला आली. गाडी सरळ उभी करायची. एकाने मागच्या चाकाला सुतळी टेकवून धरायची, दुसऱ्याने पुढे ताणायची. पुढचं चाक बारीक असतं, म्हणून तिथे थोडी फट राहते. ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. रामनगरच्या गाडीला एका बाजूला बोट जाईना, दुसऱ्या बाजूला दोन गेली. कुठेतरी जबर आपटलेली गाडी. दिनकररावांनी सुतळी गुंडाळून माझ्या हातात दिली.

"दादा, तुम्ही नसता तर मी दोन्ही घेतल्या असत्या."

दोनदा खोट सापडली, ती खरीच होती, म्हणून मनाला काही टोचलं नव्हतं.

डोंबिवलीहून ठाण्याला रेल्वेने गेलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नौपाड्यात एका तळमजल्यावर शिरीषराव म्हणून गृहस्थ राहत. पाठीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी गाडी बंद केली होती. गाडीवर जुन्या चादरीची खोळ. इंजिन गार. दुसऱ्या किकेला उठली, थोडा निळा धूर सोडला आणि मग असा आवाज धरला की शेजारच्या खिडकीतली बाई सुद्धा कौतुकाने बघत राहिली. नंबर जुळले. तेल गळत नव्हतं. ब्रेक मऊ होते, पण या गाडीचे ते सगळ्यांचेच मऊ. सीटखाली पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि धुतलेलं फडकं घडी करून ठेवलेलं.

मग सुतळी. दिनकरराव मागे उकिडवे बसले, मी पुढे. डावीकडे एक बोट फट. उजवीकडे एक बोट फट. केसाचाही फरक नव्हता. मला मंगलचं बोलणं आठवलं आणि माझ्या अंगठ्याने सुतळी हळूच बाहेर ढकलली.

"चेसिस वाकडी आहे," मी म्हणालो.

शिरीषराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते गाडीकडे बघत राहिले. "पण ती कधी पडलीच नाही हो," एवढंच म्हणाले.

दिनकरराव उठले, त्यांना नमस्कार केला आणि चालू लागले. स्टेशनकडच्या हॉटेलात मिसळ मागवली. ठाण्याची मिसळ तिखट असते, पाव जास्त लागतात, त्या हिशेबाने मागवावी. मी नुसता पाव कुस्करत होतो. तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मीअधिक तोवर संपली होती, आणि मी एकदाही खोटं माप सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पहिल्यांदा, आणि तेही बहिणीच्या नवऱ्याला.

"दिनकरराव, सुतळी सरळ होती."

"माहीत आहे."

"म्हणजे?"

"मी मागून बघत होतो ना. तुमच्या अंगठ्यापाशी वाकलेली दिसली."

"मग बोलला नाहीत?"

त्यांनी पाव रश्शात बुडवला. "माझ्या मनात आलं, दादांसारखा माणूस खोटं बोलतोय म्हणजे मंगल फारच घाबरलेली असणार. मग नको गाडी. साहेबांची ऐकली तेवढी पुरे."

ते रागाने बोलले असते तर मी वाद घातला असता. पण ते बोलून त्यांनी माझ्याच पुढ्यात कांदा सरकवला. मी उठलो. मिसळ तशीच राहिली, तिचं मला आजही वाईट वाटतं.

नौपाड्यात परत पोचलो तर खोळ तशीच बाजूला पडलेली. शिरीषराव दुखऱ्या पाठीने पुढच्या चाकाशी बसलेले, मागे त्यांची बायको, आणि दोघांनी मध्ये परकराची नवी नाडी ताणून धरलेली.

"माझ्याकडे सरळ येते हो," ते मला बघून म्हणाले.

"सरळच आहे. मी अंगठ्याने ढकलली होती. माझ्या बहिणीला ही गाडी नको आहे, म्हणून." मी हात जोडले.

"यांनी अजून पान वाढू दिलेलं नाही मला," बाई म्हणाल्या. "एकदा नाही, पाच वेळा धरायला लावली नाडी."

शिरीषराव सावकाश उठले. "आता मी किंमत कमी करणार नाही."

"करूही नका," दिनकरराव म्हणाले. चौदा हजार ठरले. ते जादा होते, पण माझी तोंड उघडायची हिंमत नव्हती. इसार दिला, पुढच्या शनिवारी पैसे भरून गाडी ताब्यात घेतली.

परतीचा रस्ता कळव्याच्या पुलावरून, मुंब्रा, शीळ फाटा आणि पुढे डोंबिवली. तेव्हा शीळच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना गवत आणि विटांच्या भट्ट्या होत्या. गाडी लिटरला वीस-बावीसच्या वर जात नाही, तेव्हा टाकी बघून निघावं. मी मागे बसून दिनकररावांचा खांदा धरला होता. मुंब्र्यापर्यंत डोळे मिटलेले. शीळ फाट्याला उघडले, कारण ते म्हणाले, "दादा, वीसवर आहे मी. सायकलवाला पुढे गेला."

मंगल गॅलरीत उभी होती. खाली आली ती थेट माझ्यापुढे.

"दादा, तुला एकच काम सांगितलेलं."

"केलं. खोट सापडली नाही."

"तुला?"

"मला."

ती गाडीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. "तुला सापडली नाही?" परत तेच. मी ब्रेकचं सांगितलं, दर महिन्याला मी स्वतः उघडून बघीन म्हणालो, आणि अंगठ्याचंही सांगून टाकलं. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण त्या दिवशी घरात जाऊन नारळ तिनेच आणला.

माझी काळजी गेली असं नाही. दिनकरराव टिटवाळ्याला गेले की ते परत येईपर्यंत मी गॅलरीत असायचो. ब्रेक मात्र दर महिन्याला उघडले, एक महिना चुकला नाही. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत, गाडी जिन्याखाली उभी असते, वर्षातून चारदा निघते. त्या फेरीत माझ्यापाशी काय राहिलं म्हणाल, तर ती सुतळी. काळी पडलीय, डब्यात ठेवलीय. दसऱ्याला गाडी धुतली की आम्ही ती लावून बघतो. मी पुढे बसतो. मागचं टोक आता दिनकरराव धरत नाहीत, त्यांचे गुडघे वाकत नाहीत. मंगल धरते, एक डोळा मिटून थेट माझ्या हाताकडे बघत.

"दादा," ती म्हणते, "अंगठा दिसू दे."