सोनूबाईंचे ‘बरं हाय’

घनसावंगीकडच्या सोनूबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला नावे ठेवली नाहीत. लग्नाच्या पंगतीत वरण अळणी असो वा भात कच्चा, वाढणाऱ्याने विचारले की त्या मान डोलावून म्हणत, “झकास!” ज्याने पानात वाढले त्याचे मन मोडू नये, हा त्यांच्या माहेरचा धडा.

तोच धडा त्यांनी दवाखान्यातही गिरवला. दोन वर्षांपूर्वी जालन्याच्या एका रुग्णालयात डॉक्टर अद्वैत यांनी त्यांच्या गुदाशयातली कर्करोगाची गाठ काढली आणि शौचासाठी पोटाच्या डाव्या बाजूला वाट करून तिथे पिशवी बसवली. जीव वाचला. मात्र कापूस वेचताना कमरेला जी ओटी, म्हणजे कापडाची झोळी, बांधतात, तिची गाठ नेमकी त्या पिशवीवर येऊ लागली. गाठ आवळली की पिशवी सुटे. सैल सोडली की ओटी घसरे. हळूहळू सोनूबाईंचे रान सुटले. बांधावर बसून त्या इतरांच्या ओट्या फुगताना पाहत.

डॉक्टर अद्वैत शिस्तीचे. रोग परतला नाही, जखम भरली, एवढ्यावर शस्त्रक्रिया चांगली ठरत नाही. माणूस पूर्वीसारखा उठतो, बसतो, राबतो का, हेही मोजावे आणि उणे निघेल ते पुढच्या रुग्णापासून सुधारावे, असा त्यांचा नेम. म्हणून दर तपासणीला ते विचारत, “काही अडचण?”

“बिलकुल न्हाई, सायेब. बरं हाय.”

यंदा सोनूबाईंची पाठची बहीण कौसल्या हिला तोच आजार निघाला. शेताबाहेर घटकाभर न करमणारी ही बाई शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, सोनूबाईंना शेजारच्या स्टुलावर बसवून, खाटेवर धीर गोळा करीत बसली होती. “ताईचं समदं बरं हाय, मंग मला कायचं भ्या?”

इतक्यात डॉक्टर आले. “घाबरू नका. ताईंचं केलं तसंच तुमचं करू. त्यांची एकही तक्रार नाही.”

सोनूबाईंपुढे पेच पडला. बोलावे तर जीव वाचवणाऱ्याला नावे ठेवल्यासारखे; गप्प बसावे तर कौसल्येचेही रान सुटणार. त्या उठल्या आणि पदर कमरेला ओटीसारखा बांधून डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या.

“तसंच नगा करू, सायेब. ही गाठ पिशवीवर येती. दोन वर्सं झाली, वेचणीला गेले न्हाई मी.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “मावशी, मी दर वेळी विचारत होतो ना?”

“तुमी जीव वाचिवला. वर तुमालाच उणं दाखवू?”

कौसल्येने कपाळाला हात लावला. “माझ्या लग्नात भात कच्चा राह्यल्ता, तवाबी ही झकास म्हणून राह्यल्ती! अन् मी हिच्या भरवशावर चाकूखाली चालले!”

डॉक्टरांना हसू आले, पण ते क्षणभरच. त्यांनी कौसल्येला ओटी बांधायला लावली. उकिडवे बसवले, वाकवले, उभे केले. मग ओटीच्या गाठीपासून चार बोटे वर, तिला स्वतःला दिसेल अशा जागी शाईने पिशवीसाठी खूण केली आणि परिचारिकेला बजावले, “यापुढे अशी खूण केल्याशिवाय एकही रुग्ण आत न्यायचा नाही.”

मग ते सोनूबाईंकडे वळले. “आता तुमचं सांगा. काही अडचण?”

‘बरं हाय’ अगदी ओठांवर आले होते. सोनूबाईंनी बहिणीच्या पोटावरच्या ओल्या खुणेकडे पाहिले आणि स्टूल पुढे सरकवले.

“बसा, सायेब. जरा येळ लागंल.”